पुण्याहून सायकलवर गडावर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिंहगडावर सायकलने जायचं म्हटलं की नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘मला चढवेल का?’ नियमित थोडीफार सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना चढवतं, वेळ लागतो इतकंच. गडबड होते ती चुकीच्या गिअरमुळे, उशिरा निघाल्यामुळे आणि उतारावर. या तीन गोष्टी घरून निघण्याआधी नीट लावल्या की पुण्याच्या आसपासचे बरेच गड सायकलच्या टप्प्यात येतात. खालचा क्रम त्या हिशोबाने लावला आहे.

१. गड कोणत्या क्रमाने करायचे

सगळे सिंहगडापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. पहिल्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजे फाट्यापर्यंतच जा आणि परत या. स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, खडकवासला असं करत डोणजे साधारण २०–२२ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक. एवढं अंतर करून घरी आल्यावर दुपारी झोप लागली नाही, गुडघा किंवा मनगट दुखलं नाही, तर घाटाचा विचार करा. दुखलं तर बहुधा सीटची उंची चुकली आहे. पायडल सर्वांत खाली असताना टाच ठेवून पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट खाली ठेवून चढ चढणं हे गुडघेदुखीचं सर्वांत सामान्य कारण आहे.

पुढचा टप्पा मल्हारगड. हडपसर, वडकी, दिवे घाट आणि मग झेंडेवाडी किंवा सोनोरीकडून गड, असं एका बाजूचं अंतर सुमारे ३० किलोमीटर. हा महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला किल्ला. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधून घेतला. सोनोरीत त्यांचा वाडा आहे, वाट वाकडी करून तोही पाहावा. गड आटोपशीर आहे, पायी चढ थोडा आहे, आणि दिवे घाटात तुम्हाला घाट म्हणजे काय ते कळतं. तिसरा सिंहगड, चौथा पुरंदर. राजगड, तोरणा आणि लोहगड त्यानंतर, आणि पहिल्या वेळी तरी मुक्कामाच्या तयारीने.

२. सायकल: गिअरचे दात मोजा

नवी सायकल घ्यायची गरज नाही. आहे तिचे दात मात्र मोजा: पुढच्या सर्वांत लहान चकतीचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे. आकडे बहुतेक वेळा चकतीवरच कोरलेले असतात.

सिंहगडाचा घाट डोणज्याच्या बाजूने गोळेवाडीच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत जवळपास ९ किलोमीटर आणि चढ ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी दर १०० मीटरला ६–७ मीटर वर. मधले काही तुकडे १० च्या वर जातात. अशा चढावर नवा माणूस बराच वेळ टिकवू शकेल असा वेग ताशी ६–७ किलोमीटर असतो. आता हिशोब बघा. पुढे २८ आणि मागे ३४ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे बरोबर आपल्याला हवा तो वेग. पुढे ३४, मागे २८ असेल तर एका फेऱ्याला २.६ मीटर. त्याच ६० फेऱ्यांना ताशी साडेनऊचा वेग लागतो, आणि तो टिकवायला ताकद जवळपास दीडपट लागते. ती नसली तर फेरे ४०–४५ वर येतात, प्रत्येक फेरा गुडघ्यावर पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला माणूस खाली उतरतो. गिअर नसलेल्या सायकलला पुढे ४४, मागे १८ असा प्रकार असतो. तिथे एका फेऱ्याला पाच मीटरच्या वर जातं. अशा सायकलीवर सिंहगड चढणारे लोक आहेत, पण त्यांचं बघून आपण सुरुवात करू नये.

तेव्हा पुढची लहान चकती ३० च्या आत आणि मागची मोठी ३२ किंवा ३४ असेल तर निश्चिंत राहा. जाड टायरच्या माउंटन बाइकला पुढे २२ दातांची चकती असते, ती चढायला उत्तम, सपाटीला कंटाळवाणी. रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली हायब्रीड पहिल्या वर्षासाठी सगळ्यात सोयीची. मागची मोठी चकती बदलून मिळते, पण गिअर ओढणारा मागचा डिरेलर ती पेलेल का हे दुकानात विचारूनच बदला.

३. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

अर्धा तास पुरतो. सकाळी अंधारात यातलं काहीही करू नका.

हवा. दाबाची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. ३५ मिलिमीटरच्या हायब्रीड टायरला साधारण ६०–७० पीएसआय, माउंटन बाइकच्या दोन इंची टायरला ३५–४५. इथे एक सापळा आहे. बारीक, वर पेच असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येत नाही, त्याला पितळी ॲडॉप्टर लागतो. तो २०–३० रुपयांना मिळतो, आधीच घेऊन पिशवीत टाका.

ब्रेक. रिमला घासणारे रबरी ब्रेक असतील तर रबरावरच्या खाचा शिल्लक आहेत का बघा. खाचा गेल्या म्हणजे रबर संपलं. त्यात चमकणारा धातूचा कण रुतला असेल तर तो टोकदार सुईने काढा, नाहीतर रिम खरवडत जाते. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल आवळा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला तेलाचा हात लावू नका. चेनला तेल मारताना फवारा मागच्या डिस्कवर उडतो आणि दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागतच नाही, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. तेल थेंबाथेंबाने घाला आणि वरचं पुसून टाका.

गिअर. मागचं चाक उचलून पायडल हाताने फिरवा आणि चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर न्या. तिथून पुढे ती स्पोकच्या बाजूला पडता कामा नये. पडत असेल तर डिरेलरवरचा मर्यादेचा स्क्रू सैल आहे. हे घरी सापडलं तर पाच मिनिटांचं काम, घाटात सापडलं तर चार-सहा स्पोक तुटतात आणि सायकल टेम्पोत घालावी लागते.

४. सोबत काय घ्यायचं

दुरुस्तीची पिशवी सीटखाली बसेल एवढी असावी. तीत आपल्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, पॅचचा डबा, छोटा पंप, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन की, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी. जोडकडी आपल्या चेनच्या मापाचीच हवी. ८ गिअरची कडी ९ किंवा १० च्या चेनला बसत नाही.

पाणी ताशी ५००–७५० मिलिलिटर धरा. सिंहगडाला दीड लिटर पुरतं, वर पाणी मिळतं. पुरंदरला दोन लिटर घ्या. त्यातल्या एका बाटलीत ओआरएस, नाहीतर लिंबू-मीठ-साखर. नुसतं पाणी पीत राहिलात आणि घाम भरपूर गेला तर पोटऱ्यांत गोळे येतात. खायला केळी, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे. दर पाऊण तासाला थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका. पोहे किंवा मिसळ खायची ती उतरल्यावर. भरल्या पोटी घाट चढताना मिसळीची तर्री वर येते.

हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, पातळ जॅकेट. जॅकेट चढताना लागत नाही. उतरताना लागतं, कारण अंग घामाने भिजलेलं असतं आणि वारा थेट छातीवर येतो. पायडलला अडकणारे क्लीटचे बूट वापरत असाल तर साध्या सपाट चपला किंवा बूट पाठीवर घ्या. क्लीट घालून गडाच्या झिजलेल्या पायऱ्या उतरणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं.

कागदांत मूळ ओळखपत्र, थोडी रोख रक्कम आणि घरच्यांचा नंबर व रक्तगट लिहिलेली चिठ्ठी. मोबाइलला रेंज गेली की पैसे देता येत नाहीत आणि नकाशाही उघडत नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८.

५. वेळ आणि दिवस

शनिवार-रविवारी सिंहगडाच्या घाटात आठनंतर चारचाकींची रांग लागते, खडकवासल्याच्या चौपाटीवर संध्याकाळी तर त्याहून वाईट. उलटा हिशोब करा. आठच्या आत वर पोचायचं, घाटाला दीड तास, डोणज्यापर्यंत दीड तास, म्हणजे स्वारगेट पाचच्या आत सोडायला हवं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तोवर दिवा लागतोच. सुट्टीचा वार सोडून जाता आलं तर सगळंच सोपं होतं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. मार्च ते मेमध्ये नऊच्या आत खाली उतरून आलं पाहिजे. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो म्हणून सगळे जातात, पण सिंहगडाच्या घाटात दरडी पडतात आणि रस्ता बंद ठेवला जातो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. पावसात वळणांवर वाहून आलेली माती आणि गाड्यांचं सांडलेलं ऑइल मिळून जो चिकट थर होतो, त्यावर ब्रेक लावला की चाक बाजूला पळतं.

दिवे घाटाचं वेगळं आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला याच घाटाने जाते. त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा असतो, तेव्हा सायकल घरी ठेवा आणि हवं तर चालत जा. सोमवती अमावस्येला आणि रविवारी जेजुरीला जाणाऱ्या गाड्यांची गर्दीही याच रस्त्यावर असते. रुंदीकरणाचं काम जिथे सुरू असेल तिथे खडी आणि धूळ धरून चाला.

६. चढ

घाट सुरू होण्याच्या शंभर मीटर आधी हलका गिअर टाका. चढावर जोर लावता लावता गिअर बदलला की चेन अडकते, क्वचित तुटते. बदलायचाच असेल तर आधी दोन जोरदार फेरे मारून वेग घ्या, मग पायाचा जोर कमी करून बदला.

पहिला किलोमीटर मुद्दाम हळू काढा. बोलता येईल एवढाच दम लागला पाहिजे. शेजारचा भराभर पुढे जातो, जाऊ द्या. वळणावर आतल्या बाजूने चढ सर्वांत खडा असतो. मागे-पुढे गाडी नसेल तर थोडं बाहेरून घ्या, पण आपली बाजू सोडून पलीकडे जाऊ नका. वरून येणारा दुचाकीवाला वळण कापतच येणार असं धरून चाला. फारच खडा तुकडा आला तर उभं राहून चालवण्यापेक्षा बसूनच सीटच्या टोकाकडे सरका. उभं राहिलं की वेग वाढतो आणि दम लगेच संपतो.

थांबायचं तर सपाट जागी, रस्त्याच्या कडेला आणि वळण सोडून. पुन्हा निघताना चढावर सायकल सुरू होत नसेल तर ती रस्त्याला तिरकी धरा, एक पायडल वर आणा आणि मग बसा. चालत ढकलत नेण्यात कमीपणा काही नाही.

७. वर गेल्यावर

सिंहगडाच्या वाहनतळावर सायकल टपरीवाल्यांजवळ, त्यांना सांगून लावा. एका ताकाचं गिऱ्हाईक झालात की ती मंडळी आनंदाने लक्ष ठेवतात. कुलूप तरीही लावा, चाक आणि सांगाडा दोन्हींतून घालून. हँडलला खायची पिशवी लटकवून जाऊ नका, माकडं ती उघडायला तुमच्यापेक्षा तरबेज आहेत.

सायकल पायऱ्यांवरून पुणे दरवाज्यात न्यायचा हट्ट करू नका. फोटोसाठी काही जण नेतात. त्यात गडाच्या दगडाचाही फायदा नाही आणि मागून येणाऱ्यांची वाट अडते. गड चालत बघा: कल्याण दरवाजा, देवटाकं, ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईत पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक, राजाराम महाराजांची समाधी. दीड तास पुरतो. घाट चढून आलेल्या पायांना तेवढं चालणं बरंच असतं. लगेच बसलात तर पाय आखडतात.

पुरंदरचं वेगळं. तो लष्कराच्या ताब्यात आहे. फाटकावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या आहेत, छायाचित्रांवर बंधनं आहेत आणि शेजारच्या वज्रगडावर जाता येत नाही. सिंहगडासारखं पहाटे पोचलात तर फाटकाशी ताटकळत बसाल. सासवडला नाश्ता करून नारायणपूरला दत्ताचं दर्शन घ्या आणि मग चढायला लागा, वेळ बरोबर जुळते. पुण्याहून सासवड ३० किलोमीटर, तिथून नारायणपूर दहाएक, आणि वरचा घाट सात-आठ. जाऊन-येऊन शंभरच्या जवळ जातं, म्हणून सिंहगड दोन-तीनदा झाल्याशिवाय इकडे वळू नये. संभाजी महाराजांचा जन्म इथला (१४ मे १६५७), मुरारबाजी देशपांडे इथेच पडले आणि जून १६६५ चा तह याच गडाच्या नावाचा. एवढं बघायचं तर पायांत काही शिल्लक हवं.

८. उतार

इथे घाई करणाऱ्यांचे दात पडतात, हे शब्दशः घ्या.

निघण्याआधी दोन्ही ब्रेक जागेवर दाबून बघा आणि चाकं जागेवर धरून ठेवणाऱ्या क्विक रिलीजच्या लिव्हर घट्ट आहेत का तपासा. मग ताशी २५ च्या वर जाऊ नका. ब्रेक सतत दाबून धरू नका. सतत धरलेल्या ब्रेकने रिम तापते, रबर गुळगुळीत होतं, आणि फार तापली तर ट्यूब फुटते. त्याऐवजी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग पाडा, सोडा, पुन्हा पाडा. मधे कुठेतरी दोन मिनिटं थांबून रिम किंवा डिस्कजवळ हात न लावता नुसता न्या, ऊब कळते. तापली असेल तर निवू द्या.

वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही. वळणात आतल्या बाजूचा पायडल वर ठेवा, खाली असला तर तो रस्त्याला घासतो. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरून फक्त मागचा वापरलात तर मागचं चाक घसरतं. मात्र वाळू किंवा ओल दिसली की पुढचा हलकेच. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. बारीक खडी नेहमी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते.

९. पंक्चर झालं तर

पुण्याच्या बाहेरचे रस्ते म्हणजे बाभळीचे काटे. हवा गेली की सायकल रस्त्यापासून दूर घ्या. मागचं चाक असेल तर आधी चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर आणा, काढायला आणि बसवायला सोपं जातं. टायरची एकच बाजू लिव्हरने उचला, ट्यूब काढा आणि थोडी हवा भरून भोक कुठे आहे ते बघा. आता सर्वांत महत्त्वाचं: टायरच्या आतून बोटं हळू फिरवा. काट्याचं टोक बाहेरून दिसत नाही, आतून टोचतं. ते नखाने किंवा लिव्हरने बाहेर ढकला. हे न करता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही जाते. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच आत घाला, म्हणजे ती पिळली जात नाही. टायर शेवटी अंगठ्यांनी बसवा. लिव्हर वापरली तर ट्यूब चिमटीत सापडते आणि एका जागी सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

१०. त्यापुढचे गड

राजगडाला सातारा रस्त्याने चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी, गुंजवणे, असं पंचावन्न-साठ किलोमीटर. कात्रजला बाह्यवळणाच्या नव्या बोगद्यात शिरू नका, जुना घाट धरा. जुन्या बोगद्यातही अंधार असतो, तेव्हा दोन्ही दिवे लावूनच आत जा. गड चढायला गुंजवण्यातून दोन-अडीच तास पायपीट आहे. तेव्हा गावात मुक्काम, सकाळी गड, दुपारी ऊन उतरल्यावर परत. तोरण्याला वेल्ह्याहून जायचं. परतताना पाबे घाटाने खानापूरकडे उतरता येतं, पण चढ कडक आहे आणि पाठीवर सामान असेल तर नको.

लोहगडाला जुना मुंबई–पुणे महामार्ग धरून वडगाव, कामशेत करत मळवली, पुढे भाजे. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. नकाशा कधी कधी तिकडे वळवतो, म्हणून रस्ता आधी पाहून ठेवा. भाज्यावरून लोहगडवाडीचा चढ छोटा पण फार खडा आहे, काही तुकडे ढकलतच न्यावे लागतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड, राजगड आणि शिवनेरी आहेत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी धरूनच जा.

११. परत आल्यावर

सायकल तशीच भिंतीला लावू नका. चेन कापडाने पुसून थेंबभर तेल घाला. ब्रेकचं रबर पुन्हा बघा, एका ओल्या घाटात ते दिसण्याइतकं झिजतं. टायर फिरवून रुतलेले काटे आणि खडे टोकदार सुईने काढा. आत न पोचलेला काटा पुढच्या खेपेला पोचतो. वापरलेल्या ट्यूबला त्याच संध्याकाळी पॅच लावा, पिशवीत दोन ट्यूब परत भरल्याची खात्री करा आणि दिव्यांची बॅटरी चार्जला लावा.